वाचकांचे प्रश्न : घर, नोकरी आणि दुसऱ्यांसाठी राखलेला वेळ

इंदूरच्या वाचक भगिनींकडून या वेळी आलेल्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. मदत करायची इच्छा आहे, पण दिवस पुरत नाही. आणि ओढाताण करून केलेली मदत कित्येकदा नीट पोचत नाही. दुसरी तक्रार आम्हांला जास्त महत्त्वाची वाटली. म्हणून या वेळी हिशेब पाहणाऱ्या, मोठा स्वयंपाक सांभाळणाऱ्या आणि बालगृहांत काम केलेल्या मंडळींनी मिळून उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन आणि जेवण वेळेवरच लागतं. मंडळाच्या मदत समितीत माझं नाव आहे, मैत्रिणींबरोबर वृद्धाश्रमात जाते आणि जवळच्या वस्तीतल्या मुलांच्या शनिवारच्या शिकवणीलाही हो म्हटलं आहे. तिन्हीकडे अर्धवट होतं. काय सोडू?
(सुदामानगर)

उत्तर : ताई, तुम्हांला काय आवडतं यावरून ठरवू नका. तुम्ही न गेल्यामुळे कोणाचं किती बिघडतं ते बघा. समितीच्या बैठकीला एक माणूस कमी असला तरी बैठक होते. वृद्धाश्रमात ठरलेल्या दिवशी कोणी आलं नाही की वाट पाहणारे हिरमुसतात, पण एका फोनने समजूत घालता येते. शिकवणीचं तसं नाही. मुलं वह्या घेऊन येऊन बसतात आणि ताई येत नाहीत, असं तीनदा झालं की चौथ्या वेळी मुलं येत नाहीत. म्हणून शिकवणी ठेवा, बाकी दोन्ही कमी करा. आणि शिकवणी एकटीने अंगावर घेऊ नका.

दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते, तेच दोन दिवस धरा. पहिला आणि तिसरा शनिवार दुसऱ्या कोणीतरी घ्यावा. ती शिक्षिकाच हवी असं नाही, पण दोघींची एकच वही हवी. आज काय झालं, कोणाचा हातचा चुकतो, पुढच्या वेळी कुठून सुरू करायचं, एवढं त्या वहीत लिहायचं. ही वही नसली की दोघीही दर वेळी पाढ्यांपासून सुरुवात करतात आणि मुलं कंटाळतात. महिन्यात पाचवा शनिवार आला तर सुट्टी, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

वेळ मोजताना घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा मोजा. दीड तासाची शिकवणी, जायला-यायला चाळीस-चाळीस मिनिटं, अर्धा तास तयारी आणि वीस मिनिटं फोन-निरोप धरले तर ३ तास ४० मिनिटं होतात. महिन्यातून दोनदा म्हणजे ७ तास २० मिनिटं. ‘दीड तासाचं तर काम आहे’ असं म्हणून तीन ठिकाणी हो म्हटलं, तिथेच गणित फसलं. वर्षाच्या पंचांगात बंद दिवसही आताच लिहा. मुलीच्या वार्षिक परीक्षेचे दोन आठवडे आणि बँकेच्या वर्षअखेरीचे २० मार्च ते १० एप्रिल, या काळात दुसऱ्या ताई चारही शनिवार घेतील आणि मे महिन्यात तुम्ही ते फेडाल. हे जानेवारीत ठरतं. मार्चमध्ये सांगितलं तर ती दगाबाजी वाटते.

शिकवणीची वेळ संध्याकाळी ४ ते ५.३० ठेवा, म्हणजे सासऱ्यांचं दुपारचं जेवण झालेलं असतं आणि रात्रीचं व्हायचं असतं. त्यांची इन्सुलिनची आणि जेवणाची वेळ सेवाकार्यासाठी एकदाही पुढे-मागे करू नका. त्या वेळात घरी जो असेल त्याच्यासाठी फ्रिजवर कागद लावा : घाम, थरथर, गोंधळ दिसला तर साखर तपासा, ७० च्या खाली असेल आणि ते शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखाना. नववीतली मुलगी हे नीट करू शकते, फक्त आधी एकदा करून दाखवलेलं हवं.

समितीला नकार कळवताना कारणं देऊ नका, कारणांना लोक तोडगे काढतात. एवढंच लिहा : ‘फराळाच्या पाकिटांची यादी दर वर्षीप्रमाणे मी करून देईन. फराळाच्या पाकिटांची यादी दर वर्षीप्रमाणे मी करून देईन. बाकी कामासाठी माझं नाव धरू नये.’ काय करणार ते आधी आणि काय नाही ते नंतर, म्हणजे वाईटपणा येत नाही.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, ‘घरचं सोडून गावाची धुणी कशाला?’ नवरा गप्प बसतो.
(लोकमान्यनगर)

उत्तर : त्यांचं म्हणणं आधी तपासून पाहा. तुम्ही बाहेर असता तेव्हा घरात नेमकं कोणतं काम अडतं? बहुधा एखाददुसरंच असतं : संध्याकाळचा दिवा आणि चहा, नाहीतर नातवाचा अभ्यास. ते काम नवऱ्याच्या नावावर करून द्या आणि कोणत्या दिवशी, किती वाजता, तेही ठरवा. ‘तू जरा बघशील का’ या बोलीवर घर चालत नाही. शिवाय सासूबाईंना एखादं काम मनापासून मागा. मोठ्या स्वयंपाकाचा अंदाज, लोकरीचं विणकाम, जुन्या साड्यांच्या गोधड्या यांत त्यांचा हात तुमच्यापेक्षा चांगला असणार. हे त्यांची समजूत काढण्यासाठी म्हणून करू नका, त्यांना कळतं.

प्रश्न : सासऱ्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला सरकारी रुग्णालयाबाहेरच्या ५० नातेवाइकांना खिचडी वाटली. मे महिना होता. शेवटच्या डब्यातली खिचडी आंबली आणि ती फेकावी लागली. फार वाईट वाटलं. चूक कुठे झाली? आणि पुढच्या वर्षी काय करावं?
(स्नेहलतागंज)

उत्तर : शिजलेला भात मधल्या तापमानात फार वेळ राहिला, एवढीच चूक. अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तर टिकतं. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. तांदळात काही जंतूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट होऊन तसाच पडून राहिला की ते जागे होतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून ‘थोडी आंबूस लागतेय, गरम करून वाढू’ हे कधीही करू नये. तुम्ही फेकली ते योग्यच केलं. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून जास्त उकडतं, तेव्हा डबा काही निवत नाही. तो त्या मधल्या पट्ट्यातच तासन्‌तास उबत राहतो.

५० माणसांसाठी प्रमाण असं धरा : तांदूळ साडेतीन किलो, सालाची किंवा पिवळी मूगडाळ दीड किलो, पाणी १५ ते १६ लिटर, मीठ १५० ग्रॅम, तेल ४०० ग्रॅम, हळद २५ ग्रॅम, जिरं ४० ग्रॅम, हिंग १० ग्रॅम, आलं १०० ग्रॅम. यातून माणशी सुमारे ४०० ग्रॅम खिचडी मिळते. पातेलं ३० लिटरचं घ्या. लहान पातेल्यात वरचं कच्चं आणि तळचं करपलेलं होतं. दोन लिटर पाणी उकळतं ठेवून शेवटी लागेल तसं घाला, कारण मुगाची खिचडी उतरवल्यावरही पाणी पिते आणि वाटायच्या वेळी गोळा होते. ओलं खोबरं, टोमॅटो आणि बटाटा घालू नका. खोबरं सगळ्यांत आधी आंबतं. रुग्णांचे नातेवाईक आधीच जागरणाने थकलेले असतात, तिखट बेताचंच ठेवा.

वेळ उलटी मोजा. वाटप सव्वाबाराला असेल तर १० ला डाळ-तांदूळ धुऊन भिजत घाला, अर्ध्या तासाहून जास्त नाही. उन्हाळ्यात रात्रभर तर मुळीच नाही. १०.३० ला फोडणी, ११.१५ ला उतरवायची. डबे भरण्याआधी थर्मास-डब्यांत उकळतं पाणी दहा मिनिटं घालून ठेवा आणि ते ओतून लगेच खिचडी भरा. थंड डब्यात भरलं तर पहिल्या पंधरा मिनिटांतच बरीच ऊब जाते. डबे काठोकाठ भरा. अर्धा रिकामा डबा लवकर निवतो. एक वेळी एकच डबा उघडायचा. सव्वाला वाटप संपवायचं, म्हणजे उतरवल्यापासून बरोबर दोन तास होतात. उरलेलं घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, ते ओल्या कचऱ्यात जाऊ द्या. आपल्या शहरात ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार होतो, निदान नासाडीचं ओझं तेवढं तरी कमी. अन्नाचं तापमान मोजायची सळईची तापमापी काहीशे रुपयांत मिळते, मंडळाने एक घेऊन ठेवावी.

पानं पळसाची किंवा कागदाची घ्या. थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या पातळ ताटल्या-चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. कचऱ्यासाठी दोन मोठ्या पिशव्या आणि त्या उचलणारा एक माणूस आधीच ठरवा. ज्या जागी अन्न वाढलं तिथेच पत्रावळ्यांचा ढीग सोडून येणं इंदूरला शोभत नाही.

आठवडाभर आधी रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला विचारा : त्या दिवशी आणखी कोणी वाटणार आहे का, आणि कुठे उभं राहायचं? पितृपक्षात आणि अमावास्येला एकाच फाटकाशी चार-चार गाड्या लागतात आणि मधल्या मंगळवारी कोणीच नसतं. श्राद्धाचा दिवस अन्नदानासाठी अडून बसत नाही. विधी घरी तिथीला करा आणि खिचडी मंगळवारी न्या. अन्न नातेवाइकांनाच द्या, वॉर्डात शिरून रुग्णांना नाही; तिथलं पथ्य ठरलेलं असतं.

पुढच्या वेळी मे महिनाच असेल तर सकाळचे पोहे हा आमच्या मते जास्त चांगला बेत आहे. ५० जणांना जाड पोहे ४ किलो, कांदा दीड किलो, शेंगदाणे ४०० ग्रॅम, तेल ४०० ग्रॅम. सराफ्यापासून कोपऱ्यावरच्या ठेल्यापर्यंत इंदुरी पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, त्यामुळे ते गरम आणि मऊ राहतात. तुम्हीही पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यावर ठेवून न्या, खाली छोटी शेगडी. लिंबू, शेव आणि जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) तिथेच वरून घालायचं. आधी घातलं तर शेव मऊ पडते.

प्रश्न : मुलाचा नववा वाढदिवस बालगृहात साजरा करावा असं वाटतं. केक, टोप्या, फोटो असं सगळं नेऊ का?
(विजयनगर)

उत्तर : फोटो नाही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होईल असं काहीही, चेहरा, नाव, शाळा, प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘फक्त आमच्या ग्रुपवर टाकला’ हा बचाव नाही, ग्रुपवरचा फोटो कुठवर जातो ते आपल्या हातात राहत नाही. आत जाताना सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत ठेवा, म्हणजे कोणालाच मोह होणार नाही.

केकबद्दल अधीक्षकांना विचारा. त्या महिन्यात तिथल्या कोणाचे वाढदिवस असतील तर केक त्यांच्या नावाने कापू द्या आणि तुमचा मुलगा पाहुणा राहू द्या. दुसऱ्याच्या घरच्या मुलाचा वाढदिवस बघत टाळ्या वाजवायला लावणं त्या मुलांवर अन्याय आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. भेटवस्तू नेल्यात तर सगळ्यांना एकसारख्या आणि मोजून दोन जास्त. आदल्या दिवशी नवं मूल आलेलं असू शकतं. नऊ वर्षांच्या मुलाला घरीच समजावून न्या : ‘तुझे आईबाबा कुठे असतात’ हा प्रश्न तिथे विचारायचा नाही. खेळायचं, गाणी म्हणायची, कॅरम मांडायचा. आणि ‘आम्ही परत येऊ’ असं तारीख ठरल्याशिवाय बोलू नका, मुलं दिवस मोजतात.

प्रश्न : एका संस्थेला महिना १००० रुपये द्यायचे ठरवलं आहे, पण लक्षात राहत नाही. करात सूट मिळते का? दुसरं, आमच्या भगिनी मंडळाचा मदतनिधी सध्या माझ्या खात्यात येतो. ते चालेल का?
(रामबाग)

उत्तर : पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप पैसे जातील अशी सूचना बँकेत किंवा यूपीआयमध्ये देऊन ठेवा. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण पैसे जाण्याच्या २४ तास आधी सूचना येते आणि तुम्ही कधीही थांबवू शकता. मुदत ११ महिन्यांची घाला. बाराव्या महिन्यात संस्थेचा अहवाल वाचून पुन्हा सुरू करायचं. यामुळे विसरही पडत नाही आणि डोळे मिटूनही दिलं जात नाही.

सूट जुन्या करपद्धतीतच मिळते. नवी पद्धत घेतली असेल तर ८०जी नावाने ओळखली जाणारी ही सवलत नाही. संस्था ५० टक्के सवलतीत बसत असेल तर वर्षाच्या १२,००० रुपयांपैकी ६,००० उत्पन्नातून वजा होतात. २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह १,२४८ रुपये वाचतात. रोखीने २,००० पेक्षा जास्त दिलं तर त्यावर सवलत नाही. कपडे, धान्य, औषधं दिली तर त्यावरही नाही. साधी पावती पुरत नाही, संस्थेने आयकर खात्याला कळवून दिलेलं देणगी प्रमाणपत्र लागतं, जे आजवर फॉर्म १०बीई या नावाने मिळत आलं आहे. ते न मिळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे देणगीदाराने पॅन क्रमांक दिलेलाच नसतो. पहिल्याच हप्त्याच्या वेळी तो कळवा.

मंडळाचा निधी तुमच्या खात्यात नको. त्यावरचं व्याज तुमचं उत्पन्न धरलं जातं, चौकशी झाली तर उत्तर तुम्हांला द्यावं लागतं, आणि तुमचं काही बरंवाईट झालं तर तो पैसा वारसांच्या फेऱ्यात अडकतो. निदान तिघींचं संयुक्त बचत खातं उघडा, पैसे काढायला कोणत्याही दोघींच्या सह्या, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला खात्याचा उतारा ग्रुपवर. निधी वाढू लागला तर मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम १९७३ खाली नोंदणी करा, त्याला सात सभासद लागतात. पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या त्या खासगीतून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून; दौलतीच्या खजिन्याला त्यासाठी हात लावला नाही. त्यांच्या शहरात दानाचा पैसा वेगळा ठेवायची रीत नव्याने शिकावी लागू नये.

प्रश्न : हळदीकुंकवाला दर वर्षी चाळीस-पन्नास प्लॅस्टिकचे डबे लुटतो. त्याऐवजी काही उपयोगी होईल का?
(सुखलिया)

उत्तर : होईल. आमंत्रणातच लिहा : ‘या वर्षी वाण म्हणून तिळगूळ आणि फूल. वाणाचे प्रत्येकीमागे ६० रुपये शाळेच्या साहित्यासाठी.’ ५० जणींमागे ३,००० रुपये जमतात. त्याचे स्वेटर घेऊ नका. रथसप्तमीपर्यंत थंडी ओसरायला लागलेली असते. पैसे राखून ठेवा आणि जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमाराला वह्या घ्या. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मिळतात, वह्या, कंपास आणि दप्तर मात्र घरच्यांना घ्यावं लागतं. वर्गशिक्षिकेला विचारून चौरेघी किती, चौकटीच्या किती हे ठरवा. सगळ्या एकेरीच घेतल्या की पहिली-दुसरीच्या मुलांना त्या निरुपयोगी ठरतात. आणि आमंत्रण सगळ्या बायकांना द्या, पती हयात नसलेल्यांनाही. मदतीच्या निमित्ताने बोलावलेल्या घरात कोणी दारातून परत जाऊ नये.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. ऑफिसच्या रक्तदान शिबिरात नाव देऊ का?
(अन्नपूर्णा रोड)

उत्तर : नाही. बाळंतपणानंतर १२ महिने आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत रक्त देता येत नाही. त्यानंतर वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर द्या. स्त्रियांनी दोन रक्तदानांत १२० दिवसांचं अंतर ठेवायचं, पुरुषांना ९० चालतात. पाळीच्या दिवसांत आणि चतुर्थी-एकादशीच्या उपासाला नको. यंदा शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसा, तिथे माणूस नेहमी कमी पडतो.

प्रश्न : दिवाळीच्या आवराआवरीत निघालेले कपडे कुठे, कसे द्यावेत?
(बिचोली)

उत्तर : कुठे द्यायचे ते फोन करून ठरवा, कारण त्याच आठवड्यात सगळ्यांच्या घरून गाठोडी येतात आणि संस्थेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. गरम कपडे दिवाळीची वाट न पाहता ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाठवा, आणि बाकीचे जानेवारीत दिले तरी चालतील. धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून घडी घाला. किंचित ओल राहिली तर पिशवीत वास धरतो आणि सगळं गाठोडं जातं. बटणं लावा, चेन सरकवून बघा, खिसे तपासा. साडीबरोबर परकर आणि ब्लाउज दोऱ्याने बांधा. मुलांच्या कपड्यांवर वयाची चिठ्ठी टाचा : ‘५-६ वर्षं, मुलगी’. बुटांची जोडी नाडीने एकत्र बांधा, नाहीतर एक पाय हरवतो. अंतर्वस्त्रं नवीच द्यायची. फाटलेलं, डागाळलेलं देऊ नका. त्याची घरात फडकी करा, नाहीतर ते सुक्या कचऱ्यात घाला. सर्वांत जास्त मागणी शाळेच्या गणवेशाला आणि पांढऱ्या मोज्यांना असते, ते वेगळ्या पिशवीत भरून वर नाव लिहा.